नागपूरचं घर, बंगळुरूचे स्फटिक आणि सोन्याच्या काड्या

आजचा भाग ऐकायच्या आधी एक छोटं काम करा. घरात असाल तर स्टीलचं एक पातेलं घ्या, पालथं करा आणि बल्बखाली धरा. बुडावर प्रकाशाचा एक पट्टा दिसेल, मधोमध बारीक आणि कडेला पंख्यासारखा पसरलेला. आता पातेलं जागच्या जागी गोल फिरवा. पट्टा फिरत नाही. तुम्ही सरकलात किंवा बल्ब हलला, की मात्र तो लगेच फिरतो.

कारण साधं आहे. कारखान्यात पातेलं चाकावर फिरवून घासतात, म्हणून बुडावर गोल गोल बारीक ओरखडे असतात. प्रत्येक ओरखडा प्रकाश स्वतःला आडवा फेकतो, स्वतःच्या लांबीच्या दिशेने नाही. त्यामुळे ज्या ओरखड्यांची दिशा बल्बच्या आणि तुमच्या डोळ्याच्या हिशेबात बसते, तेवढेच चमकतात. म्हणजे धातू तोच, पॉलिश तेच, पण दिशा बदलली की चमक बदलते. दिशेनुसार असं वेगळं वागण्याला विज्ञानात अॅनायसोट्रॉपी म्हणतात. आमच्या तुळजापूरच्या भांड्यांच्या दुकानात हा शब्द कोणी वापरत नसेल, पण तांब्या उन्हात फिरवून पॉलिश बघणारं गिऱ्हाईक नेमकं हेच तपासत असतं.

आता हेच ओरखडे हजारपट बारीक केले तर? केसाच्या जाडीत काही शे रेघा बसतील इतके? तिथे धातू प्रकाशाची चमकच नाही, त्याची लाटच बदलायला लागतो. आजची गोष्ट तिथपर्यंत जाणार आहे. पण मला खरं सांगायचंय ते एका माणसाबद्दल. तो फक्त पस्तीस वर्षं जगला, आणि त्याचं नाव आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज घेतलं जातं. आपल्याकडे मात्र ते फारसं कुणाला माहीत नाही.

आधी थोडी तयारी. प्रकाश ही लाट आहे, आणि ती पुढे जाताना आडवी हलते. दोरी भिंतीला बांधून हलवली तर ती वर-खाली हलवता येते, डावी-उजवीकडे हलवता येते, किंवा हात गोल फिरवून मळसूत्रासारखीही हलवता येते. हे जे हलण्याचं वळण आहे, त्याला मराठीत ध्रुवण म्हणतात. आपले डोळे ध्रुवण ओळखण्यात जवळजवळ आंधळेच. पण तुमच्या हातातल्या मोबाईलचा सगळा कारभार त्यावर चालतो. विश्वास नसेल तर धाराशिवच्या बसस्टँडजवळ, किंवा तुमच्या गावात जिथे असेल तिथे, मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे जा आणि फुटलेल्या डिस्प्लेचा पोलरायझर मागा. काळपट फिल्म असते, ते लोक फेकूनच देतात. दोन तुकडे एकावर एक ठेवून एक फिरवा: एका कोनात आरपार दिसतं, काटकोनात सगळा अंधार. आणि आता गंमत. त्या दोघांच्या मधे तिसरा तुकडा तिरका सरकवा. अंधारातून पुन्हा उजेड येतो! अडथळा वाढवला आणि प्रकाश वाढला. हा खेळ विसरू नका, पुढे लागणार आहे.

धातूने ध्रुवण करायची कल्पना जुनी आहे. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झने १८८८ मध्ये रेडिओच्या लाटांसमोर समांतर तारांची जाळी धरली. लाट तारांच्या दिशेने हलत असेल तर तारांमधून वीज वाहते आणि लाट परत फिरते. लाट तारांना आडवी हलत असेल तर विजेला वाहायला जागाच नाही, लाट सुखाने पार जाते. मग कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी हेच काम फार स्वस्तात केलं. त्यांनी रेल्वेचं ब्रॅडशॉ वेळापत्रक घेतलं, पानापानात धातूचा पातळ पत्रा घातला, आणि त्या पुस्तकाचा पोलरायझर केला! पुस्तक उभं धरलं तर लाट जाते, आडवं केलं तर अडते. १८९८ मध्ये त्यांनी तागाच्या पिळलेल्या जुड्या वापरून लाटेच्या ध्रुवणाची दिशा वळवून दाखवली. बोस यांच्या लाटा काही मिलिमीटर लांबीच्या होत्या, म्हणून पुस्तक आणि ताग पुरला. दिसणाऱ्या प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान. तेवढ्या बारीक तारा तेव्हा कोण ओढणार?

बारीक रेघा मात्र ओढता येत होत्या. अमेरिकेत रॉबर्ट वुड १९०२ मध्ये धातूच्या आरशावर अतिशय जवळजवळ रेघा मारून त्यावरून परतणारा प्रकाश तपासत होता. रंगांच्या पट्ट्यात त्याला अचानक काळे-पांढरे तुटक भाग दिसले, आणि तेसुद्धा प्रकाश रेघांना आडवा हलत असेल तेव्हाच. रेघांच्या दिशेने हलणाऱ्या प्रकाशात काही नाही. वुडला हे का होतं ते सांगता आलं नाही. पुढे १९४१ मध्ये उगो फानोने सांगितलं, की प्रकाश धातूच्या पृष्ठभागाला चिकटून धावणारी एक वेगळी लाट उठवतो. थोडक्यात, रेघा मारलेला धातू म्हणजे दिशा ओळखणारा धातू, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. ते वापरायचं कसं, हे कळायला मात्र एक गोष्ट कमी होती. ती गोष्ट धातूच्या प्रयोगशाळेत सापडली नाही. ती सापडली स्फटिकांत.

आता येऊ नागपूरला.

सर सी. व्ही. रामन यांच्या बहिणीचं, सीतालक्ष्मींचं कुटुंब. या घरातल्या तीन भावांची नावं लक्षात ठेवा: रामशेषन, चंद्रशेखर आणि पंचरत्नम. तिघांचा जन्म कोलकात्याचा, पण रामशेषन आणि चंद्रशेखर शिकले नागपूर विद्यापीठात. (नोबेलवाले खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेगळे बरं का. ते रामन यांचे पुतणे, हे भाचे. या घराण्यात नावांचा घोळ फार आहे.) चंद्रशेखर १९५१ मध्ये नागपुरातून एम.एस्सी. झाले आणि बंगळुरूला मामांच्या संस्थेत गेले. सगळ्यात धाकटा शिवरामकृष्णन पंचरत्नम, जन्म १९३४. तोही मामांच्या त्याच संस्थेत दाखल झाला. रामन यांनी ही संस्था १९४८ मध्ये काढली होती. मोठी यंत्रं नाहीत, सरकारी पैसा नको हा मामांचा हट्ट, पण स्फटिक मात्र भरपूर. रामन यांना हिरे-माणकांचं आणि चमकणाऱ्या दगडांचं वेडच होतं.

पंचरत्नमच्या वाट्याला आला आयोलाइट नावाचा स्फटिक. एका बाजूने बघा तर जांभळट निळा, दुसऱ्या बाजूने बघा तर फिकट पिवळसर. दगड तोच. पातेल्याच्या बुडासारखीच दिशेची करामत, पण इथे ओरखडे नाहीत, अणूंची मांडणीच दिशेला बांधलेली आहे. अशा स्फटिकात शिरलेला प्रकाश दोन किरणांत फुटतो, दोघांचं ध्रुवण वेगळं असतं, आणि बाहेर येताना ते एकमेकांत मिसळून गोल-गोल आकृत्या बनवतात. पंचरत्नम त्या आकृत्यांचं गणित करत होता आणि एका अगदी साध्या वाटणाऱ्या प्रश्नाशी अडला.

दोन लाटा ‘ताळात’ आहेत असं आपण कधी म्हणतो? एकीचा उंचवटा आणि दुसरीचा उंचवटा एकाच वेळी येतो तेव्हा. ठीक. पण एक लाट वर-खाली हलते आणि दुसरी मळसूत्रासारखी फिरते, तर त्यांचे उंचवटे जुळवायचे कसे? एक झोपाळा आणि एक रहाटपाळणा यांचा ताल कसा जुळवणार? पंचरत्नमने उत्तर दिलं: दोन्ही लाटा एकमेकींवर टाका, आणि मिळणारा प्रकाश सगळ्यात जास्त होतो तेव्हा त्या ताळात आहेत असं म्हणा. व्यवहारी व्याख्या. बाविशीतल्या मुलाने केलेली.

आणि मग त्याने ती व्याख्या पुढे ताणून बघितली. समजा पहिली लाट दुसरीशी ताळात आहे. दुसरी तिसरीशी ताळात आहे. मग तिसरी पहिलीशी ताळात असणारच ना? तीन मित्रांची घड्याळं घ्या. माझं तुझ्याशी जुळलं, तुझं त्याच्याशी जुळलं, तर त्याचं माझ्याशी जुळायलाच पाहिजे. पण प्रकाशाच्या बाबतीत ते जुळत नाही! तिसरं घड्याळ पहिल्यापेक्षा पुढे किंवा मागे निघतं. किती, तेही त्याने सांगितलं. ध्रुवणाचे सगळे प्रकार एका गोलावर बिंदू म्हणून मांडता येतात; हा गोल फ्रान्सच्या आंरी पोआंकारेने १८९२ मध्ये सुचवला होता. आपल्या तीन लाटांचे तीन बिंदू जोडले की त्या गोलावर एक त्रिकोण होतो. तिसऱ्या घड्याळाची चूक त्या त्रिकोणाच्या आकारावर ठरते. गोलाच्या केंद्रातून बघितलं तर तो त्रिकोण जेवढा घन कोन व्यापतो, बरोबर त्याच्या निम्मी.

नीट लक्ष द्या, यात प्रकाश किती लांब गेला याचा संबंधच नाही. काच किती जाड याचाही नाही. नुसतं ध्रुवण फिरवून फिरवून मूळ जागी आणलं, तरी लाट ‘मी कुठून फिरून आले’ याची नोंद ठेवते. मघाचे पोलरायझरचे तीन तुकडे हा याच जगातला खेळ आहे.

हा लेख इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये १९५६ च्या उत्तरार्धात आला. पंचरत्नम बावीस वर्षांचा. आता इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, तिचा प्रकाशाशी संबंध नाही. त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून आणि नागपूर मध्य प्रदेशातून निघून एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात आले. तोवर उस्मानाबाद आणि नागपूर वेगवेगळ्या राज्यांत होते. त्या वर्षीच्या पेपरांत सीमा, भाषा, राजधानी याच बातम्या होत्या. बंगळुरूतल्या एका मुलाने लाटांचा त्रिकोण मोजला, हे कोण छापणार?

छापलं नाही ते नाही, पण शास्त्रज्ञांनीही फारसं वाचलं नाही. का? माझं मत सांगतो. एक म्हणजे ते नियतकालिक भारतातलं. रामन यांचा आग्रह असे की आपलं काम आपल्याच नियतकालिकात छापायचं, आणि तत्त्व म्हणून मला तो आग्रह पटतो. पण त्याची किंमत असते, आणि ती इथे एका तरुणाच्या कामाने मोजली. दुसरं, लेझर यायला अजून चार वर्षं होती. त्या काळी स्फटिकांचा प्रकाश हा जुनापुराणा विषय समजला जाई, हुशार पोरं अणूकडे पळत होती. तिसरं, लेखाचं नावच ‘व्यतिकरणाचा व्यापक सिद्धांत’ अशा थाटाचं. आत हिरा आहे हे वरून कळायचं कसं?

पंचरत्नमचं दुसरं काम मात्र लोकांनी लगेच उचललं. १९५५ मध्ये त्याने स्फटिकाच्या चकत्या ठरावीक कोनांत एकावर एक ठेवून असा पोलरायझर बनवायची रीत दिली, जो अनेक रंगांवर एकसारखा चालतो आणि प्रकाशाला मळसूत्री बनवतो. दुर्बिणींच्या उपकरणांत ती रीत आजही वापरतात. आणि बघा, तुमच्या अॅमोलेड पडद्यावर उन्हात काळा रंग काळाच दिसतो, तो मळसूत्री पोलरायझर लावलेला असतो म्हणून. ती फिल्म त्याच्या नक्शावर बनते असं मी म्हणत नाही. प्रश्न मात्र तोच.

पंचविसाव्या वर्षी तो अॅकॅडमीचा फेलो झाला. १९६१ ते १९६४ म्हैसूर विद्यापीठात शिकवलं. मग ऑक्सफर्डला सेंट कॅथरिन्स कॉलेजमध्ये गेला, विषयही बदलला, जॉर्ज सीरीज यांच्यासोबत अणू आणि प्रकाशावर काम केलं. २८ मे १९६९ ला तिथेच वारला. वय पस्तीस. १९७५ मध्ये सीरीज यांनी त्याचे सगळे लेख एका ग्रंथात संपादित केले, आणि तो ग्रंथ ग्रंथालयांच्या कपाटांत जाऊन बसला.

मधला भाऊ चंद्रशेखर तोवर द्रवरूप स्फटिकांकडे वळला होता. म्हणजे असे पदार्थ, जे पाण्यासारखे वाहतात पण प्रकाशाशी स्फटिकासारखे दिशा पाहून वागतात. एलसीडीमधलं ‘एलसी’ ते हेच. १९७७ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी थाळीसारख्या चपट्या रेणूंचाही द्रवरूप स्फटिक होतो हे दाखवलं. तोवर फक्त काडीसारखे रेणूच चालतात अशी समजूत होती. एलसीडी बाजूने बघितल्यावर रंग फिके पडू नयेत म्हणून ज्या फिल्म आल्या, त्यांत पुढे असे थाळीवाले रेणू वापरले गेले. एक भाऊ दिशेचं गणित करतो, दुसरा दिशेचा द्रव शोधतो. घर एकच.

मग १९८४ उजाडलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे मायकेल बेरी यांनी क्वांटम भौतिकीत एक शोध मांडला: एखादी गोष्ट सावकाश फिरवून पुन्हा मूळ जागी आणली तरी तिच्या लाटेत फरक उरतो, आणि तो फरक फिरण्याच्या भूमितीवर ठरतो. जगभर खळबळ. ‘बेरी फेज’ हे नाव पडलं. इकडे बंगळुरूत मोठे भाऊ रामशेषन आणि त्यांचे सहकारी राजाराम नित्यानंद यांना हे ओळखीचं वाटलं. दोघांनी १९८६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, की याचं एक जुनं उदाहरण १९५६ मध्येच छापलेलं आहे. (हे नित्यानंद पुढे पुण्याच्या एनसीआरए संस्थेचे संचालक झाले. जुन्नरजवळ खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण चालवते तीच संस्था.)

या ठिकाणी व्हॉट्सअॅपवर फिरणारी गोष्ट वेगळं वळण घेते: गोऱ्याने भारतीयाचं काम चोरलं वगैरे. तसं झालेलं नाही, आणि खरं झालं ते जास्त चांगलं आहे. बेरींनी पंचरत्नमचा लेख वाचला आणि १९८७ मध्ये स्वतः लेख लिहून सांगितलं की हे काम आधी झालेलं आहे, आणि आपल्या सिद्धांताशी त्याचं नातं काय आहे. १९९४ मध्ये त्यांनी पंचरत्नमवर स्वतंत्र कौतुकपर लेखही लिहिला. बेरींचा शोध अधिक व्यापक होता, पंचरत्नमचा आधीचा होता. तेव्हापासून प्रकाशातल्या या फरकाला ‘पंचरत्नम-बेरी फेज’ म्हणतात. मला यात रामशेषन यांचं मोल फार वाटतं. भाऊ जाऊन सतरा वर्षं झालेली, आणि कुणीतरी जुना अंक काढून म्हणायला हवं होतं की हे बघा. तो कुणीतरी घरातलाच निघाला, आणि त्याने भांडण न करता, गणित पुढे ठेवून ते म्हटलं.

आता धातूकडे परत. २००० नंतर इतक्या बारीक रेघा आणि काड्या कोरण्याची यंत्रं आली की पंचरत्नमचं गणित धातूवर उतरवता आलं. इस्रायलमध्ये एरेझ हसमन यांच्या गटाने २००१-०२ च्या सुमारास लाटेपेक्षा बारीक रेघांच्या जाळ्या बनवल्या. रेघांची दिशा जागोजागी वळत जाते, आणि त्या वळण्यानेच प्रकाश हवा तसा मुरडतो. अशा वस्तूंना त्यांनी नावच पंचरत्नम-बेरी असं दिलं. २०१२-१३ मध्ये सोन्याच्या काड्या आल्या. काचेवर, प्रत्येक काडी साधारण दोनशे नॅनोमीटर लांब. केस असतो ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास, त्यावरून अंदाज घ्या. सगळ्या काड्या एकाच मापाच्या. फरक फक्त कोनात.

काडी म्हणजे हर्ट्झची तार आणि बोस यांचं वेळापत्रक, अतिसूक्ष्म रूपात. लांबीच्या दिशेने हलणाऱ्या प्रकाशाशी एक वागते, आडव्याशी दुसरं. तिच्यावर मळसूत्री प्रकाश टाकला की त्याचा काही भाग उलट्या पिळाचा होऊन बाहेर पडतो. काडी जितके अंश फिरवाल, त्याच्या दुप्पट अंशांनी त्या लाटेचा ताल सरकतो. काडी अर्धा फेरा फिरली की ताल पूर्ण फेरा. बस, एवढंच. काच जाड-बारीक घासायची गरज नाही. शेजारशेजारच्या काड्या थोड्या थोड्या वळवत न्या, सपाट काच भिंगासारखी वागेल. वेगळ्या क्रमाने वळवा, हवेत त्रिमिती चित्र उभं राहील. सोन्याच्या काड्यांनी तशी चित्रं उभी करून दाखवली आहेत. पुढे २०१६ मध्ये हार्वर्डच्या फेडेरिको कापासो यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ पात्या वळवून दिसणाऱ्या प्रकाशाचं सपाट भिंग बनवलं. धातू जाऊन ऑक्साइड आला, कारण सोनं प्रकाश खातं. गणित तेच राहिलं. मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्याचा फुगवटा कमी व्हावा म्हणून कंपन्या ज्या सपाट भिंगांच्या मागे आहेत, ती ही जात.

सोनं प्रकाश खातं, हा दोष आपल्या मुंबईत गुण झाला. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की लाटेपेक्षा बारीक रेघा असलेल्या धातूवर प्रखर लेझरचा क्षणभराचा झोत योग्य ध्रुवणाने आणि योग्य कोनात टाकला, तर धातू तो जवळजवळ सगळाच गिळतो. आरसाच प्रकाश पिऊन टाकतो! ध्रुवण बदला, की तोच धातू पुन्हा पुष्कळसा प्रकाश परत फेकतो. वुडच्या काळ्या पट्ट्याचं हे नातवंड म्हणा.

पंचरत्नमने आयुष्यात सोन्याची काडी कोरली नाही. नॅनो हा शब्दही त्याने या अर्थाने वापरला नसणार. म्हणून ‘भारतीयाने सपाट भिंगाचा शोध लावला’ असं कुणी म्हटलं तर थांबवा त्याला. त्याने लाटांचा ताल कसा मोजायचा ते ठरवलं, आणि तिन्ही घड्याळं जुळत नाहीत हे सांगितलं. त्या न जुळण्याचा उपयोग कसा करायचा, ते दुसऱ्यांनी शोधलं.

आणि हो, तो १९५६ चा लेख इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संकेतस्थळावर फुकट आहे. एकूण सोळा पानं, पीडीएफ मोबाईलवर उघडते. गणित सोडून नुसता मजकूर वाचला तरी चालेल, पण बी.एस्सी.ला फिजिक्स असेल तर गणितही झेपण्यासारखं आहे. पोआंकारेचा गोल समजायला एखादा रबरी चेंडू आणि स्केच पेन जवळ ठेवा, सोपं जातं. अडलं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात सुरुवातीला घेऊ.